समुद्रावरचा निरोप



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी ‘उपग्रह आणि आपत्ती’ हा विषय घेऊन मला गाठले, तेव्हा मी त्यांना म्हटले, अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते मच्छीमार सोसायटीच्या बाकावर बसून, जुनी वर्तमानपत्रे आणि सरकारी परिपत्रके वाचून. कुणा शास्त्रज्ञाला बोलवा. ते म्हणाले, उपग्रह आकाशात कसा राहतो ते शास्त्रज्ञ सांगतील. तो खलाशाच्या काय कामाचा ते तुम्ही सांगा. हा मुद्दा मला पटला, म्हणून मी आपणांपुढे उभा आहे.

मी सोळाव्या वर्षी बोटीवर चढलो. त्या काळी वादळाची खबर आम्हांला दोन वाटांनी मिळे. एक बंदरावरचा धोक्याचा बावटा आणि दुसरी तांडेलाचा ट्रान्झिस्टर. बावटा किनाऱ्यावरून दिसेनासा झाला की ट्रान्झिस्टर, आणि ट्रान्झिस्टरचा सेल संपला की देव! पुढे बोटीवर बिनतारी संच आले. पण त्यांचा आवाज सरळ रेषेत जातो आणि पृथ्वी तर गोल; बोटीची काठी ठेंगणी, त्यामुळे वीस-पंचवीस मैलांपलीकडे हाक पोचत नाही. इकडे किनाऱ्याजवळची मासळी आटली आणि बोटी आठ-आठ, दहा-दहा दिवस बाहेर राहू लागल्या. हाक तेवढीच राहिली, समुद्र मात्र लांबला. ३६,००० किलोमीटरांवरच्या उपग्रहाला ही अडचण नाही. पृथ्वीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग त्याच्या नजरेखाली असतो. तेव्हा प्रश्न यंत्राचा उरलेला नाही. यंत्र कुणाच्या हातात द्यायचे आणि कोणत्या नियमाने, हा आहे.

आता नियम म्हटला की आमचे लोक तोंड वाकडे करतात. त्यांना मी टायटॅनिकची गोष्ट सांगतो. १९१२ च्या एप्रिलात ती बोट हिमनगावर आदळली तेव्हा ‘कॅलिफोर्नियन’ नावाचे जहाज काही मैलांवरच उभे होते. त्यावर बिनतारी यंत्र होते, पण ते चालवणारा माणूस एकच. दिवसभराची ड्यूटी संपवून, धडकेच्या दहाएक मिनिटे आधी तो बिचारा झोपायला गेला. दीड हजार माणसे बुडाली. त्या तरुणाला दोष देणारे पुष्कळ निघाले. पण एका माणसाकडून चोवीस तासांचा पहारा कसा होणार? पाळी बदलायला दुसरा माणूस हवा, आणि दुसरा माणूस म्हणजे दुसरा पगार. १९१४ साली लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात मोठ्या जहाजांवर अखंड पहाऱ्याची अट आली. महायुद्धामुळे तो करार अमलात यायचा राहिला, पण तत्त्व टिकले. १ फेब्रुवारी १९९९ पासून तर तीनशे टनांवरच्या मालवाहू जहाजांना परदेशच्या सफरीवर उपग्रहाची किंवा तत्सम संकटसूचक यंत्रणा सक्तीची झाली. मच्छीमार बोटी मात्र या करारातून वगळल्या गेल्या. बुडताना टन मोजून कुणी बुडत नाही, पण कायदा टन मोजतो.

त्याचे फळ २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस दिसले. ओखी वादळ कन्याकुमारीजवळ उठले तेव्हा तिकडच्या शेकडो बोटी कित्येक दिवस आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यावर सूचना निघाली. पण ती ऐकायची ज्यांनी, त्यांच्यापर्यंत ती पोचवायला साधन नव्हते. केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार गेले. काही बोटी वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येत आपल्या देवगडपर्यंत आल्या. साठ-सत्तर बोटी आणि त्यांवर नऊशेहून अधिक माणसे. आठ-आठ दिवस घरच्यांना पत्ता नाही, माणूस जिवंत आहे की नाही! कामाच्या परिस्थितीविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा मच्छीमार करार त्याच महिन्यात, १६ तारखेला, जगात अमलात आला होता. आपण त्यावर तेव्हा सही केलेली नव्हती.

मग लोक विचारतात, सरळ प्रत्येक बोटीला उपग्रह-फोन का देत नाहीत? किंमत हे एक कारण. दुसरे कायद्याचे. आपल्याकडे विनापरवाना असा फोन जवळ बाळगणे गुन्हा आहे. हे बंधन मूर्खपणाचे आहे असे मी म्हणणार नाही. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर चालून आलेले खुनी समुद्रातूनच आले, आणि त्यांच्याजवळ उपग्रह-फोन होता. ज्या ‘कुबेर’ बोटीतून ते आले तिच्यावरचे पाचही जण, तांडेल आणि खलाशी, त्यांनी मारून टाकले. या बंधनामागे खलाशाचेच रक्त आहे हे आपण विसरता कामा नये. पण चोराच्या भीतीने घराला दार ठेवायचेच नाही, असे तर कुणी करत नाही. १८८५ चा तारेचा कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला; परवान्याची वाट त्यात सोपी करता येते.

परवान्याचे हे दुखणे जगभरचे आहे. भूकंप झाला की परदेशांतून मदत येते, आणि तिचे बिनतारी संच जकातीच्या नाक्यावर अडकून पडतात. यावर १९९८ च्या जूनमध्ये फिनलंडमधील टाम्पेरे गावी करार झाला. संकटकाळी परवाने, जकात, माणसांचे येणेजाणे यांच्या आड येणाऱ्या गोष्टी कमी कराव्यात, मात्र मदत घेणाऱ्या देशाचा अधिकार अबाधित राहावा, असा त्याचा आशय. तीस देशांची मान्यता मिळून तो अमलात यायला ८ जानेवारी २००५ उजाडली. त्याआधी तेराच दिवस त्सुनामी येऊन गेली होती.

आपल्या शास्त्रज्ञांनी मधला मार्ग काढला, त्याबद्दल मी त्यांना नमस्कार करतो. इस्रोने संकटसूचक यंत्र केले; ते २०१० पासून वापरात आहे. बटण दाबले की बोटीचा ठावठिकाणा आणि संकटाचा प्रकार, आग की बुडणे की आजारपण, उपग्रहामार्फत चेन्नईला तटरक्षक दलाकडे जातो. पण निरोप पोचला की नाही हे बटण दाबणाऱ्याला कळत नसे. अंधारात, पाण्यात, पोचपावतीवाचून बसणे काय असते ते बसलेल्यालाच ठाऊक. २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या नव्या यंत्रात उलट उत्तर येते. त्याच वर्षी ३० ऑगस्टला आपल्या पालघरला एक लाख बोटींना फुकट ट्रान्सपाँडर देण्याच्या योजनेचा आरंभ झाला. त्यावरून दोन्ही बाजूंनी निरोप जातो.

आता मी माझ्या धंद्यावर येतो. निरोप पोचणे आणि निरोपाप्रमाणे वागता येणे यांत अंतर आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ कामगार होते, त्यांतले सत्तराहून अधिक गेले. तिथे उपग्रहाची उणीव नव्हती. हवामानखात्याची सूचना कित्येक दिवस आधी निघालेली होती. पण परत फिरायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या कामगारांना नव्हता. वेल्डर, रंगारी, स्वयंपाकी यांनी सूचना ऐकली असती तरी ते काय करणार होते?

आमच्या बंदरावरच्या एका बोटीवर, मालकाचे नाव सांगत नाही, मी ते यंत्र पाहायला मागितले. ते केबिनमध्ये कुलपात होते. खलाशी उगाच बटण दाबतील म्हणून! किल्ली तांडेलाजवळ. मी त्याला विचारले, “आणि तूच पाण्यात पडलास तर?” तो हसला, पण कुलूप त्याने काढले.

रत्नागिरीच्या बोटींवर आज कितीतरी खलाशी नेपाळचे आहेत, काही कर्नाटकाचे. यंत्राची शिकवणी द्यायची ती जून-जुलैच्या मासेमारीबंदीत, कारण तेव्हा बोटी किनाऱ्याला असतात. सोयीचे खरे, पण तेव्हा खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात आणि वर्गात बसतात ते मालक. म्हणून आमच्या संघटनेने अर्ज केला आहे की ही शिकवणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बर्फ आणि डिझेल भरताना, जेटीवरच द्यावी, आणि नेपाळी व कन्नडमध्ये द्यावी. साहेबांचे उत्तर यायचे आहे. आले नाही तरी आम्ही ती घेणारच. शिकवायला दोन तांडेल तयार आहेत. आमचा ध्वनिक्षेपक बिघडला आहे, तेव्हा हा समोरचा मी चिटणीसांजवळ आताच उसना मागून ठेवतो.