एकाच गाठीतील अनेक वंश

पुण्याच्या पूर्वेस, मुळामुठेच्या काठी, खराडी वसलेली आहे. एके काळी तेथे शेते होती; आज संगणकांची मोठमोठी कार्यालये आहेत. अक्षरांच्या अफाट राशी ताडून पाहणे हे संगणकाच्या हातचे काम. परंतु याच पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडितांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांवर हेच काम डोळ्यांनी केले.

त्यांची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका लेखनिकाची चूक त्याच्या पोथीवरून उतरलेल्या प्रत्येक पोथीत जाते आणि पुढचा लेखनिक तीत स्वतःची भर घालतो. यास्तव ज्या पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळते, त्या बहुधा एका वंशाच्या समजाव्यात.

स्वादुपिंडातील कर्करोगाची गाठ अशीच वाचावी लागते. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील सुमारे सहाशे कोटी अक्षरांची नक्कल होते. तीत थोड्या चुका राहून जातात. दहांपैकी नऊंहून अधिक रोग्यांत ‘के-रास’ या जनुकात चूक सापडते आणि बहुधा तीच आरंभीची असते. तिच्यामुळे पेशीला वाढीची आज्ञा अखंड मिळत राहते. पुढे ‘टीपी-५३’, ‘स्मॅड-४’ यांसारखी आवर घालणारी जनुके बिघडतात. काही घराण्यांत तर ‘बीआरसीए-२’ या जनुकातील दोष जन्मतःच आलेला असतो.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संशोधकांनी २०१० साली सात मृत रोग्यांच्या गाठी अशा रीतीने पडताळल्या. मूळ गाठीतच पेशींचे निरनिराळे वंश आपापला प्रदेश धरून होते आणि यकृतादी अवयवांत गेलेल्या गाठी त्यांतूनच निघाल्या होत्या. गणिताने असे दिसले की, पहिल्या चुकीपासून कर्करोगाची मूळ पेशी जन्मास येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. दूर पसरण्याचे सामर्थ्य येण्यास आणखी निदान पाच वर्षे. आणि त्यानंतर रोगी सरासरी दोनच वर्षे जगतो. तथापि २०१६ साली दुसऱ्या एका अभ्यासात असेही दिसले की, काही गाठींत गुणसूत्रांचे तुकडे होऊन अनेक बिघाड एकाच तडाख्यात घडतात. सर्वच गाठी सावकाश चालत नाहीत.

या भेदाची किंमत रोग्यास मोजावी लागते. औषधाने एक वंश नष्ट झाला तरी त्याला दाद न देणारा दुसरा उरतो आणि गाठ पुन्हा वाढते. सुईने काढलेला एक कण म्हणजे एकच पोथी; तीवरून सर्व वंशांची कल्पना येत नाही. म्हणूनच संशोधकांची दृष्टी सर्व शाखांत समान असलेल्या ‘के-रास’च्या चुकीवर आहे.

स्वादुपिंड जठरामागे खोल दडलेले असल्याने रोग बहुधा उशिरा कळतो. ज्या कुटुंबात हा विकार एकाहून अधिक जणांस झाला असेल, त्याने ती गोष्ट वैद्यांपासून लपवू नये. त्या मूक वर्षांतच उपायाला अवसर असतो.