ओळखीच्या पलीकडचं गिऱ्हाईक

चंद्रपुरात 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, घुग्घुस-दुर्गापूरच्या कोळसा खाणी आहेत. धूळ भरपूर, म्हणजे काचा पुसण्याच्या धंद्याला कामही भरपूर. तरी आपल्या मुलांचा हा धंदा का अडतो? कारण आपण काम मोहल्ल्यात आणि नात्यातच शोधतो. ती दहा-वीस घरं झाली की गिऱ्हाईक संपतं.

म्हणून ओळख बघू नका, काच बघा. दवाखाने, शोरूम, कोचिंग क्लास यांची यादी करा. ताडोबाचा कोअर भाग पावसाळ्यात बंद असतो, 1 ऑक्टोबरला उघडतो. मोहर्लीच्या रिसॉर्टवाल्यांना सप्टेंबरच्या सुरुवातीलाच भेटा. छतांवरच्या सोलर पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी बनते. तेही काम तुमचंच. मात्र उंचीवर पट्टा आणि दोराशिवाय चढू नका.

पहिल्या भेटीत एकच काच फुकट पुसा, शेजारची तशीच ठेवा. मग महिन्याचा दर लिहून द्या. काम आवडलं तर आणखी एका गिऱ्हाइकाचं नाव मागा.

'आपलं नाव ऐकून काम देतील का?' असं तुम्ही विचारता. काही जण देणार नाहीत, हे खरं आहे. पण नाव लपवून मिळवलेलं काम रोज धास्तीत करावं लागतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती करा, पावतीवर पूर्ण नाव छापा. एकाने नाकारलं, तर पुढचं दार वाजवा. या शहरात धंदा करण्याचा हक्क आपलाही आहे.