तक्रारीचा रकाना



‘इम्पाला’ हे नाव जुन्या मुंबईकरांना चांगले ठाऊक आहे. जनरल मोटर्स या अमेरिकी उद्योगसमूहाच्या शेवरोले विभागाने १९५८ साली या नावाची मोटार बाजारात आणली. पुढील काळात ती लांबरुंद गाडी मुंबईच्या रस्त्यावर दिसली की ती कोणा धनिकाची वा सिनेनटाची असावी, असे पादचारी गृहीत धरीत. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र तिची अलीकडची वंशज, म्हणजे २००६ ते २०१४ या सालांच्या मालिकेतील इम्पाला, ही आहे. अमेरिकेत ही कुटुंबाची मोठी सेडान म्हणून खपली. तिच्याविषयीच्या एका तक्रारीचा प्रवास लोकांचे अर्ज स्वीकारणाऱ्या प्रत्येकाने पाहण्याजोगा आहे.

ती तक्रार ऑगस्ट २००५ मधील असून ती करणारी व्यक्ती खुद्द जनरल मोटर्सच्याच सेवेत होती. नवी इम्पाला घेऊन घरी जात असता, दुरुस्तीचे काम चालू असलेल्या रस्त्यावर गाडीला हादरा बसला आणि इंजिन एकाएकी बंद पडले. गाडी दुरुस्तीस गेली, परंतु दुरुस्ती झालीच नाही. इग्निशन स्विचची घडणच तशी आहे, त्याला इलाज नाही. ट्रकमधील स्विचची पकड अधिक घट्ट असल्याने तेथे असे होत नाही, असे कारागिराने सांगितले. हे सर्व त्या व्यक्तीने वरिष्ठांना लेखी कळविले. हा सुरक्षेचा गंभीर प्रश्न आहे आणि हाच स्विच इतर मोटारींतही असेल तर गाड्या मोठ्या प्रमाणावर परत मागवाव्या लागतील, असेही नमूद केले. संबंधित अभियंत्याचे उत्तर थोडक्यात असे होते, की आपण अशी इम्पाला नुकतीच चालविली, आपल्याला हा अनुभव आला नाही.

हे उत्तर कोणत्याही कचेरीत ऐकू येईल असे आहे. ‘मी पाहिले तेव्हा पंप चालू होता’, हे वाक्य किती ग्रामपंचायतींच्या दप्तरात सापडेल!

दोष कळण्यास अवघड नव्हता. किल्ली फिरवून इंजिन सुरू केले की स्विच आपल्या जागी खाचेत बसून राहावयास हवा. या किल्लीच्या डोक्याला कडी अडकविण्यासाठी गोल भोकाऐवजी लांबट फट होती. जड जुडगा त्या फटीच्या एका टोकाला सरकला की त्याचे वजन तरफेसारखे काम करी. रस्त्यावरील खड्डा किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना हादरा बसला म्हणजे किल्ली उलट फिरण्याचा संभव असे. तसे झाले की इंजिन बंद, सुकाणू व ब्रेक यांना मिळणारे यंत्राचे साहाय्य बंद, आणि अपघात झाल्यास एअरबॅग न उघडण्याची भीती.

याच समूहाच्या कोबाल्ट या लहान मोटारीत निराळ्या स्विचचा असाच दोष होता आणि तेथे त्याने भयंकर रूप घेतले. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडते, अशा तक्रारी प्रारंभापासून येत होत्या. कंपनीत त्यांची नोंद ‘ग्राहकाची सोय’ या सदराखाली झाली, ‘सुरक्षा’ या सदराखाली झाली नाही. सारे येथेच फसले. सोयीच्या प्रश्नावर उपाय करताना खर्चाचा हिशेब मांडला जातो. सुरक्षेच्या प्रश्नावर तसा मांडता येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये विक्रेत्यांना एक पत्रक गेले, त्यात ग्राहकांना किल्लीवरील जड वस्तू काढण्यास सांगावे, एवढाच उपाय होता. पुढे स्विचमध्ये गुपचूप सुधारणा झाली, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच राहिला, त्यामुळे नंतरच्या तपासनिसांना जुना व नवा वेगळा ओळखता येईना. शेवटी २०१४ मध्ये अशा सुमारे २६ लाख गाड्या परत मागविण्यात आल्या. भरपाई निधीने या दोषाशी निगडित १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात एका सवयीचे वर्णन आहे: बैठकीत हाताची घडी घालून बोट दुसऱ्याकडे दाखवावयाचे, म्हणजे काम त्याचे. कर्मचाऱ्यांनी या सवयीला ‘सलाम’ असे नाव दिले होते!

शासनयंत्रणाही निर्दोष ठरली नाही. मालकांच्या तक्रारी स्वीकारणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनात २००७ साली कोबाल्टच्या एअरबॅगविषयी चौकशी सुरू करावी, अशी सूचना झाली होती. ती मान्य झाली नाही.

इम्पालाची पाळी १६ जून २०१४ रोजी आली. तिच्यासह ब्यूक व कॅडिलॅकच्या काही मोठ्या गाड्या मिळून केवळ अमेरिकेत सुमारे ३१ लाख ६० हजार मोटारींच्या किल्ल्या बदलण्याचे वा सुधारण्याचे जाहीर झाले. आठ अपघात आणि सहा जखमी आपल्याला ठाऊक आहेत, असे कंपनीने सांगितले. दोनच दिवसांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे २००५ सालचे ते पत्र वाचले गेले. उपाय काय होता? किल्लीवरील फट बुजवून तेथे गोल भोक ठेवणे. नऊ वर्षे रखडलेल्या कामाचे साहित्य एवढेच!

यातील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने नव्याने घडविलेल्या इम्पालाला १०० पैकी ९५ गुण देऊन सेडान गाड्यांत अग्रस्थान दिले होते. ती प्रशंसा वाजवीच होती. शिवाय ती पुढच्या पिढीच्या गाडीची होती. परंतु चाचणीच्या रस्त्यावर नव्या गाडीचे गुण कळतात, तिचा भरवसा वर्षानुवर्षे ती वापरणाऱ्यांनाच कळतो. त्यांचे म्हणणे टिपून घेण्याची सोय नसेल तर गुणपत्रिका अपुरी राहते.

आपल्या देशात ही सोय उशिरा झाली. वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली ऐच्छिक संहिता स्वीकारली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ घालण्यात आले आणि त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक किंवा पर्यावरण यांना अपाय करू शकणारा दोष ठराविक प्रमाणात मालकांनी कळविल्यास केंद्र शासन गाड्या परत मागविण्याचा आदेश देऊ शकते. चाचणी संस्थेच्या अहवालावरूनही देऊ शकते. एकट्या ग्राहकाला जिल्हा आयोगाचा मार्ग आहेच, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीही आहे.

गावातील शिक्षक किंवा सदस्य यांच्याकडे असा वाहनमालक आला, तर त्याच्या अर्जात ‘गाडी बरोबर चालत नाही’ एवढेच लिहू देऊ नये. दिनांक, रस्ता, वेग, गाडीने कापलेले अंतर, किल्लीला काय अडकविले होते, हे लिहावे. सेवा केंद्राच्या जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडला असल्यास त्याची प्रतही जोडावी. आणि इंजिन चालत्या रस्त्यावर बंद पडले असेल, तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘सुरक्षा’ हा शब्द असावा.