घोड्यांवरील क्रौर्य, हयगय आणि कायद्याची अंमलबजावणी

(सीमाभागातील पशुवैद्यकीय व पोलीस कर्मचाऱ्यांसमोर मैलूर, जि. बीदर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घोड्यांना निर्दयपणे वागविणे व त्यांची हयगय करणे यांविरुद्ध जे कायदे आहेत, त्यांची अंमलबजावणी कशी करावी, या विषयावर आज आपणांपुढे काही विचार मांडावयाचे आहेत. या विषयाला हा प्रदेश अनुरूपच आहे. येथून जवळ, उदगीर रस्त्यावर, खानापूरच्या मैलार मल्लण्णाचे देवस्थान आहे. सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावचा खंडोबा आहे. नावे दोन असली तरी दैवत एकच, आणि त्याचे वाहन घोडा. माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्ष महिन्यात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. ज्या मुलखात घोड्याला देवाच्या वाहनाचा मान, त्याच मुलखात खोगिराखाली चिघळलेली जखम घेऊन तो वरातीत उभा राहिला, तर ती आपणा सर्वांना लाज आणणारी गोष्ट ठरेल.

या विषयाचा कायदा आपल्याकडे नवा नाही. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईत १८७४ साली स्थापन झाली. १८९० साली कायदा झाला, आणि त्याची जागा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाने घेतली. हा अधिनियम केंद्राचा असल्यामुळे बीदरला एक कायदा आणि उदगीर-देगलूरला दुसरा, असे होत नाही. माळेगावला विकत घेतलेला घोडा सीमा ओलांडून इकडे आला, म्हणून त्याच्या मालकाचे कर्तव्य बदलत नाही.

ते कर्तव्य कलम ३ मध्ये सांगितले आहे. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय योजले पाहिजेत. कलम ११ मध्ये गुन्ह्यांची यादी आहे. मारहाण करणे, अति पळविणे, अति ओझे लादणे हे गुन्हे सर्वांना ठाऊक असतात. परंतु म्हातारा, आजारी, लंगडा किंवा जखमी घोडा कामाला लावणे, हाही गुन्हा आहे. मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि काम होईनासे झाल्यावर घोड्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे, हेही गुन्हेच आहेत. म्हणजे कायद्याने चाबकाकडे जितके लक्ष दिले आहे तितकेच रिकाम्या तोबऱ्याकडेही दिले आहे.

१९६५ च्या नियमांनी ओझ्याची व कामाची मर्यादा आकड्यांत ठरवून दिली आहे. तट्टाच्या पाठीवर ७० किलो, खेचराच्या पाठीवर २०० किलो, याहून अधिक ओझे लादता येत नाही. जनावराच्या गाडीत, हाकणारा व सहा वर्षांखालील मुले सोडून, चारांहून अधिक माणसे बसविता येत नाहीत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तपमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर गाडीला जुंपता येत नाही, की त्यावर ओझे लादता येत नाही. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाचा विचार केला म्हणजे या नियमाचे महत्त्व ध्यानात येते. काटेरी लगामालाही बंदी आहे. नवरदेवाच्या घोड्याला ओझ्याचा नियम लागतो की नाही असा वाद कोणी घातला, तरी जखमी वा थकलेल्या घोड्यावर स्वार होण्यास कलम ११ आडवे येतेच.

आता अडचणीकडे वळू. कलम ११ खाली पहिल्या अपराधाला दंड ठरला तो किमान १० व कमाल ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिक्षा अपुरी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नागराज प्रकरणात नमूद करून संसदेकडून सुधारणेची अपेक्षा व्यक्त केली होती. शिवाय मारहाण, अति ओझे व उपासमार हे गुन्हे या अधिनियमाखाली अदखलपात्र आहेत. त्यामुळे ‘आमच्या हातात काय आहे?’ असा प्रश्न ठाण्यात विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर कलम ३४ मध्ये आहे. गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असेल तर शिपायाहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला, किंवा राज्य शासनाने अधिकार दिलेल्या व्यक्तीला, तो प्राणी ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे किंवा विहित पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी नेता येतो. माणसाला अटक करता येत नसली तरी घोड्याला त्या जाचातून तत्काळ बाहेर काढता येते. पुढे कलम ३५ खाली दंडाधिकारी त्याला रुग्णालयात किंवा पांजरपोळात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात, आणि मालक दोषी ठरल्यावर पुन्हा छळ होण्याचा संभव दिसल्यास कलम २९ खाली न्यायालय त्याची मालकी काढून घेऊ शकते. दंडाची रक्कम लहान आहे. हे अधिकार लहान नाहीत.

मात्र ते सारे एका कागदावर उभे आहेत, आणि तो कागद म्हणजे पशुवैद्यकाची नोंद. ‘घोडा अशक्त आढळला’ एवढ्या वाक्याने न्यायालयात काहीही सिद्ध होत नाही. दातांवरून वय, बरगड्या व पुठ्ठ्याची हाडे किती उघडी पडली आहेत, जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि ती ताजी की जुनी, खुरांची वाढ व नालांची स्थिती, चाल, त्वचेवरून दिसणारी पाण्याची कमतरता, हे सर्व दिनांक, वेळ व छायाचित्रांसह लिहिले पाहिजे. जुन्या जखमेवर नवी जखम असेल तर ती हयगय एका दिवसाची नव्हे, हे त्या नोंदीवरूनच ठरते. या अधिनियमाखालील खटल्यास अपराधापासून तीन महिन्यांची मुदत आहे. यात्रा संपते, घोडा दुसऱ्याला विकला जातो आणि मुदत निघून जाते. म्हणून नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे.

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्यापुढे येणारा मालक पुष्कळदा क्रूर नसतो, दरिद्री असतो. लग्नसराई संपली की त्याची मिळकत थांबते, पण घोड्याला रोज सुमारे ३० लिटर पाणी व पोटभर वैरण लागतेच. मालकाची गरिबी हे जनावराला उपाशी ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि कायद्याने तिच्याकडे डोळेझाक केलेली नाही. मालकाचे दारिद्र्य पाहून दंडाधिकाऱ्याने तसा आदेश दिल्यास उपचाराचा खर्च त्याच्याकडून घेतला जाऊ नये, अशी तरतूद कलम ३५ मध्येच आहे. तिचा उपयोग व्हावा असे वाटत असेल तर मालकाची परिस्थितीही आपल्या अहवालात आली पाहिजे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे उदाहरण याच दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मौजेच्या फेरीसाठी घोडागाड्या चालविणे बेकायदेशीर ठरविले. परंतु न्यायालयाने केवळ बंदी घालून विषय संपविला नाही. गाड्या बंद करण्यास एक वर्षाचा अवधी दिला आणि त्यांवर पोट असणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास शासनाला सांगितले. घोडा वाचवायचा असेल तर घोडेवाल्याचा विचार टाळता येत नाही, हा त्यातील धडा आपल्या जिल्ह्यांनाही लागू आहे.

तेव्हा माझी सूचना अशी की, यात्रेच्या व लग्नसराईच्या आधीच पशुवैद्यकीय दवाखाना व पोलीस ठाणे यांनी एकत्र बसावे. घोडेवाले व नालबंद यांना बोलावून ओझ्याचे, उन्हाचे व जखमांचे नियम मराठीत आणि कन्नडमध्ये समजावून सांगावेत. ताब्यात घेतलेला घोडा कोठे ठेवावयाचा ते अगोदर ठरवावे. जागा नाही म्हणून जखमी घोडा पुन्हा त्याच गाडीला जुंपला गेला, तर आपण केलेल्या कारवाईला काही अर्थ उरत नाही. ताकीद देऊन सुधारणारा मालक व तीच हयगय वारंवार करणारा मालक यांच्यात भेद करावा, आणि दुसऱ्याच्या बाबतीत दयामाया न दाखविता प्रकरण न्यायालयापर्यंत न्यावे.

घोडा आपली तक्रार घेऊन ठाण्यात येऊ शकत नाही. आपण लिहिलेली नोंद हीच त्याची फिर्याद असते. ती वेळेवर आणि पूर्ण लिहिली जावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.