यंत्राची साक्ष आणि माणसाचा अंकुश



दि. १६ मे २०२३ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीपुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाविषयी सुनावणी सुरू झाली. प्रारंभी समितीचे अध्यक्ष रिचर्ड ब्लूमेंथल यांचे प्रास्ताविक ऐकू आले. तंत्रज्ञान नियमांच्या पुढे धावू लागले की खासगी माहितीचा गैरवापर होतो, असत्य फैलावते आणि विषमता वाढते, असा त्याचा आशय होता. ते संपल्यावर ब्लूमेंथल यांनी उलगडा केला, की तो आवाज त्यांचा नव्हता आणि शब्दही त्यांचे नव्हते. आवाज त्यांच्या जुन्या भाषणांवरून यंत्राने घडविला होता आणि मजकूर चॅटजीपीटीने लिहिला होता. याच आवाजाने युक्रेनच्या शरणागतीचे समर्थन केले असते तर काय, असा प्रश्नही त्यांनीच पुढे उपस्थित केला.

त्या दिवशी सभागृहात जे घडले ते आज घरोघरी घडत आहे. शाळकरी मुलगाही चॅटबॉटला विचारतो, ‘तुझ्यापासून माणसाला धोका आहे काय? तुझ्यावर देखरेख कोणाची असावी?’ क्षणार्धात मुद्देसूद उत्तर मिळते. खोटी माहिती, पक्षपात, रोजगारावरील संकट, शस्त्रास्त्रांतील गैरवापर आणि शेवटी मानवी देखरेखीची आवश्यकता. अशा उत्तरात सहसा उघड दोष सापडत नाही. तथापि, त्याला प्रमाण मानावे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

भारतीय न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले. मात्र कोणाचाही शब्द प्रमाण ठरत नाही. तो आप्ताचा असावा लागतो. ज्याने विषय यथार्थ जाणला आहे आणि जो जाणले तसेच सांगू इच्छितो, तो आप्त. चॅटबॉट या कसोटीला उतरतो काय?

त्याची घडण पाहिली की उत्तर मिळते. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता संभवतो, याचे गणित ही प्रणाली शिकते. त्यानंतर माणसांना पसंत पडणाऱ्या उत्तरांकडे तिचा कल वळविला जातो. हे वळण कोणते असावे, हे तिची निर्माती कंपनी ठरविते. त्यामुळे धोक्यांविषयी ती जे सांगते तो प्रामुख्याने माणसांनीच केलेल्या चिंतनाचा प्रतिध्वनी असतो. प्रतिध्वनी खराही असू शकेल, पण त्याला आत्मपरीक्षण म्हणता येत नाही. प्रश्नाचा रोख बदलला की पुष्कळदा उत्तराचाही रोख बदलतो.

याचा एक बोलका पुरावा अँथ्रॉपिक या कंपनीच्या संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी आपल्याच क्लॉड या प्रणालीला ३६ आणि ५९ यांची बेरीज विचारली. उत्तर ९५ असे अचूक आले. बेरीज कशी केली, असे विचारता तिने शाळेत शिकवितात तशी हातचा घेण्याची रीत सांगितली. प्रत्यक्षात आतील प्रक्रिया निराळी होती. एक मार्ग बेरजेचा साधारण अंदाज घेत होता, तर दुसरा शेवटचा अंक नेमका काढत होता. साध्या बेरजेची हकीगतही जिला स्वतःबद्दल यथार्थ सांगता येत नाही, तिने ‘मी सुरक्षित आहे’ असे म्हटले तरी त्या वाक्याचे मोल किती?

न्यूयॉर्कमधील दोन वकिलांना हे मोल रोखीने चुकवावे लागले. विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात त्यांच्या बाजूने चॅटजीपीटीने पुरविलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवण्यात आले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. विशेष हे, की त्यांतील एका वकिलाने ‘हा खटला खरा आहे काय?’ असे चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि त्याने ‘होय’ असे उत्तर दिले होते. जून २०२३ मध्ये न्यायाधीश केविन कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. साक्षीदाराची सत्यता साक्षीदारालाच विचारली की याहून वेगळे काय व्हावे?

मग चॅटबॉटला विचारूच नये काय? अवश्य विचारावे. त्याच्या उत्तरातून प्रश्नांची यादी तयार करावी. निवाडा मात्र बाहेरच्या पुराव्यावर द्यावा. ही शिस्त व्यक्तीला जशी लागू आहे, तशीच राज्यसंस्थेलाही लागू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे भारतासह २८ देशांनी व युरोपीय संघाने, सर्वांत प्रगत प्रणालींतून हेतुतः वा अनवधानाने विनाशकारी हानी संभवते, हे मान्य केले. युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. धोका जितका मोठा तितके बंधन कडक, हे त्याचे सूत्र आहे आणि अतिजोखमीच्या प्रणालींना माणसाने थांबवू शकण्याची तरतूद त्यात आहे. भारतानेही जानेवारी २०२५ मध्ये सुरक्षा संस्थेची घोषणा केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

या व्यवस्था अपुऱ्या असतील, पण त्यांची दिशा योग्य आहे. परीक्षण स्वतंत्र हवे, त्याचे निष्कर्ष जाहीर हवेत आणि चुकीचे उत्तरदायित्व एखाद्या नावानिशी असलेल्या माणसाकडे वा संस्थेकडे हवे. भारतीय भाषांतील परीक्षण तर भारतीय भाषकांवाचून होणे नाही. मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर बरोबर की चूक, हे मराठी जाणणाऱ्यानेच तपासले पाहिजे.

हत्ती कितीही शहाणा असला तरी अंकुश त्याच्या सोंडेत देत नाहीत. तो माहुताच्या हाती असतो आणि माहुताला जागे राहावे लागते. यंत्र धोक्याविषयी उत्तम बोलू लागले, म्हणून माणसाचे हे जागरण संपलेले नाही.