गुलाबावरचे काळे ठिपके

मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, आणि आजही इथल्या अंगणात, गच्चीवर गुलाब हवाच असतो. पावसाळ्यात मात्र त्याच्या खालच्या पानांवर काळे, कडांना विस्कटलेले ठिपके उठतात, भोवतालचं पान पिवळं पडून गळतं. ही बुरशी आहे. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर येणारी पांढरी भुरी वेगळी. या काळ्या बुरशीचे बीजाणू रुजायला पान सलग सुमारे 7 तास ओलं राहावं लागतं. म्हणून औषधाआधी विचार करायचा तो ओलाव्याचा. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावं, मधल्या दाटीच्या फांद्या छाटाव्यात.

पाऊस वरूनच पडतो, मग याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. पण हवा खेळती असली की सर थांबल्यावर पान लवकर सुकतं, आणि गळलेली पानं वेचली असतील तर थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू पुन्हा झाडावर चढत नाहीत. द्राक्षबागेत फवारणी चालते, मग गुलाबावर का नको? जरूर करा, पण फवारा निरोगी पान वाचवतो, डागाळलेलं बरं करत नाही. तेव्हा आधी रोगट पानं काढा, आणि ती कुंडीतल्या खतात मिसळू नका.