व्यायामाचा कागद कुठे हरवतो?

फिजिओथेरपिस्ट मित्रमैत्रिणींनो,

कंबरदुखीवरची परिषद नंदुरबारात भरते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. हा जिल्हा कंबरेच्या जोरावर चालतो. दिवाळी सरली की धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. मागे राहतात ते कापूस वेचतात, मिरची तोडतात.

2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यावर काय करावं, हेही आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आहे, रुग्णाला नीट समजावून सांगणं आहे; ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि कंबरपट्टा नेहमीच्या उपचारात नकोत, असंही त्यात म्हटलं आहे. आणि आमचा पेशंट तर येतो तोच ‘मशीन लावा, शेक द्या’ म्हणत! ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना फिजिओथेरपिस्टने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला. दुखणं उलटायला त्यांना साधारण 208 दिवस लागले, इतरांना 112. चालण्याला यंत्र लागत नाही. ते रोज व्हावं लागतं, एवढंच.

अडतं ते इथेच. ‘पेशंट आळशी, सांगितलेलं करत नाही’ हे वाक्य मला मान्य नाही. दुर्गम पाड्यावरची बाई जिल्ह्याच्या गावी येते तेव्हा दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. तिला आपण आठ व्यायामांची चित्रं छापलेला कागद देतो. खाली मजकूर पुस्तकी मराठीत. ती बोलते पावरी. कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं, ‘मणक्यात गॅप आलाय, वाकू नको.’ मग व्यायामाच्या पहिल्या चार दिवसांत कंबर थोडी जास्त दुखली की ती घाबरते आणि थांबते. तसं दुखू शकतं, त्याने मणका बिघडत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? पुढची तारीख येईपर्यंत ती उसाच्या फडात पोहोचलेली असते. तिथे सतरंजी अंथरून कोण व्यायाम करणार?

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे. आठ नकोत, दोनच व्यायाम द्या. पण ते कामाला जोडून द्या. मोळी टाकली की कंबरेवर हात ठेवून सावकाश मागे झुकायचं, हे फडातही जमतं. कागद हातात देण्याआधी तिच्याकडून करवून घ्या, तिच्या भाषेत तिलाच सांगायला लावा. सोबत आलेल्या नवऱ्याला, सासूलाही दाखवा. ती कामाला कधी निघणार हे विचारूनच पुढची तारीख ठरवा, आणि तिकडे गेल्यावर फोनवर चौकशी करा. पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा, हेही त्याच भेटीत सांगा.

उद्या सकाळच्या सत्राआधी गाड्या तयार आहेत. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांवर आपल्याला नेणार आहोत. तिथे उकिडवं बसून तासन्‌तास मिरच्या निवडणाऱ्या बायकांशी बोला, त्यांचं बसणं-उठणं पाहा, आणि दुपारच्या गटचर्चेत त्यांच्यासाठी व्यायाम आखा.